येण्याचं कारण

फॉर्म वेणू चिप्पाच भरतो,
कन्ना चौकातल्या त्याच्या झेरॉक्सच्या टपरीत.
वीस रुपये घेतो आणि दर वेळी विचारतो,
"मावशी, येण्याचं कारण?"
मी म्हणते, तूच लिही की, तुला पाठ आहे.
तो लिहितो : पर्यटन.

मग रात्रीची हैद्राबादची एसटी.
नळदुर्ग, उमरगा, झहीराबाद.
मांडीवर पिशवी, पिशवीत शेंगाचटणी, कडक भाकऱ्या
आणि दोन टॉवेल, मऊ बघून घेतलेले,
कारण वराच्या पाठीला आता
खरबरीत काही सोसत नाही.

पहिल्या वेळी काचेपलीकडच्या बाईनं,
डोक्याला निळा रुमाल गच्च लावलेल्या,
माझं आडनाव वाचायचा प्रयत्न केला. बोद्धूल.
अर्ध्यात सोडलं, शिक्का मारला. तीस दिवस.
कट्ट्यात पंचवीस, शिक्क्यात तीस.
बोटांवर मोजत बाहेर आले.

तिसऱ्या वेळी तिनं पानं चाळली
आमचा चेकर विड्या चाळतो तशी,
अंगठ्यानं, तोंडाकडे न बघता.
किती छाट काढणार, शेवटपर्यंत कळत नाही.
"परत? इतक्या लवकर? काय काय बघितलं?"
भाच्यानं घोकून घेतलं होतं :
मनोरे, गुहेतला देव, फुलपाखरांची बाग.
म्हटलं धडाधड, फुलपाखरं आधी.

काय बघितलं?
आठव्या मजल्यावरची खिडकी.
सुईनं निळा पडलेला वराचा हात.
मशीनमधून तिचंच रक्त तिच्याकडे
नळीतून परत येताना बघितलं, जा-ये, जा-ये.
"बापाच्या मागावर धोटा असाच पळायचा, नाही का अक्का?"
म्हणाली आणि डोळे मिटले.

नवरा चांगला आहे तिचा. तिकीट तोच काढतो.
एकदा पलीकडच्या खोलीत फोनवर सांगत होता,
नर्स महिन्याला किती घेते आणि विमान किती.
तेलुगूत सांगत होता.
मला कळू नये तर इंग्रजीत तरी बोलायचं.

नियम आहे म्हणे,
पाहुण्यानं काम करायचं नाही.
वेणूनं मोबाईलवर वाचून दाखवला.
बहिणीचे केस विंचरणं काम आहे का रे?
ओकारीला भांडं धरणं?
रात्री दोनदा कूस बदलून देणं?
तो म्हणाला, "मावशी, हे कुणाला विचारत बसू नका."

तसं इथंही.
सर्वेची बाई विडी घरकुलात आली तेव्हा
सूप माझ्या मांडीवर, तंबाखू नखात,
सातशे झालेल्या, तीनशे बाकी.
काय करता, विचारलं, आणि मी दोरा तोडेपर्यंत
लिहूनही टाकलं : घरीच असतात.
तिथं हिंडते, इथं बसते.
कागदावर माझ्याइतकी मजेत बाई
अख्ख्या सोलापुरात नसेल.

पाचव्या वेळी तीच निळ्या रुमालाची.
म्हणाली, फोटो दाखवा.
होता एक. दवाखान्याच्या कँटीनच्या भिंतीवर
मनोरे रंगवलेत, त्यांच्यापुढं मी, पदर नीट केलेला.
कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं अर्धं चाक
आणि मोजा घातलेलं एक पाऊल.
तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला.
मनोरे नाही. पाऊल.
मागं रांग चुळबुळायला लागली.
मग शिक्का. आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली,
"पुढचे या" असेल. दुसरंही असेल.

वराला यातलं सांगितलं नाही.
परवा तीच म्हणाली, "अक्का, खरे मनोरे बघितलेस का गं?"
म्हटलं, बघू की, तू उठलीस की दोघी जाऊ.
"मग येताना चपला आण नव्या पेठेतल्या.
इथल्या चावतात. सात नंबर."
जरा थांबली, पांघरुणाच्या टोकाकडं बघितलं.
"नाही, आठच आण."